थ्रेलबाईंची ब्रुअरी

इंग्रजी विषय घेऊन बी. ए. झालेल्या आपल्याकडच्या कित्येकांना डॉ. सॅम्युअल जॉन्सन हे नाव निदान परीक्षेपुरतं माहीत असतं. १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश करणारे, आणि ज्यांचं चरित्र बॉझवेलनं लिहिलं ते. त्या जाडजूड चरित्रात एक बाई सारखी ये-जा करत असते. मिसेस थ्रेल. जॉन्सनना मध्यरात्र उलटेपर्यंत चहा ओतून देणारी, त्यांच्या आजारपणात त्यांना आपल्या घरी नेऊन ठेवणारी, एका श्रीमंत माणसाची बडबडी बायको. बॉझवेलचं आणि तिचं फारसं पटत नव्हतं, त्यामुळे त्याच्या पुस्तकात तिची बाजू जरा लंगडीच पडते. मला ही बाई आवडू लागली ती साहित्यामुळे मात्र नाही. तिच्या नवऱ्याचा बिअरचा कारखाना होता, तो बुडता बुडता तिनं वाचवला आणि पुढे नऊ वर्षांनी स्वतःच विकून टाकला, ही हकीगत वाचली तेव्हा मी तिच्या प्रेमात पडलो. बत्तीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली चाळलेल्या माणसाला कादंबरीपेक्षा ताळेबंदात जास्त नाट्य दिसतं, त्याला इलाज नाही.

कारखाना होता लंडनच्या सदर्क भागात, थेम्स नदीच्या दक्षिण काठी. (लिहायचं साउथवार्क आणि म्हणायचं सदर्क. इंग्रजांचे असले हट्ट आपण सोडून द्यावेत.) नाव अँकर ब्रुअरी. अँकर म्हणजे जहाजाचा नांगर. स्थापना १६१६ ची, म्हणजे शेक्सपिअर वारला त्याच वर्षीची, आणि ज्या ग्लोब थिएटरात त्याची नाटकं झाली ती जागाही पुढे याच कारखान्याच्या आवारात गडप झाली. जवळच नदीकडे तोंड करून अँकर नावाचाच पब. १६७६ मध्ये सदर्कला मोठी आग लागली, त्यानंतर तो पुन्हा उभा राहिला. कारखाना आज नाही, पब आहे. मी तिथे एकदाच गेलो आहे, मुलीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा. बाहेरच्या बाकावर बसलं की समोर नदी आणि शेजारून रेल्वेच्या पुलाचा खडखडाट. आत जॉन्सनसाहेबांची आठवण जपलेली, थ्रेलबाईंची फारशी नाही.

बिअर म्हटलं की आपल्याकडे घरात अजून आवाज खाली येतो, म्हणून थोडं सांगायला हवं. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये पाण्याचा भरवसा नव्हता आणि बिअर हे कष्टकऱ्यांचं रोजचं पेय होतं. त्यातली काळसर, कडवट जात हमालांना इतकी प्रिय झाली की तिचं नावच पोर्टर पडलं. बार्लीला मोड आणून, भाजून माल्ट करायचा, तो गरम पाण्यात भिजवून त्याचा अर्क काढायचा, हॉप्सच्या वेलीची कडू फुलं घालून उकळायचा, आंबवायचा आणि मग प्रचंड मोठ्या लाकडी पिंपांतून महिनोन् महिने मुरवत ठेवायचा. आता हे बँकेच्या नजरेनं बघा. बार्ली आणि हॉप्स सुगीत घ्यायचे, पैसा तेव्हा हवा. माल तयार होऊन मुरेपर्यंत तो पैसा पिंपात अडकलेला. माल बाहेर पडला तरी पबवाल्यांना द्यायचा तो उधारीवर. शिवाय त्यातल्या अनेकांना पब चालवायला ब्रुअरीनंच कर्ज द्यायचं, म्हणजे तो दुसऱ्याची बिअर ठेवणार नाही. धंदा बिअरचा, पण मूळ व्यवहार सावकारीचा. वर्ष चांगलं गेलं तर थ्रेलच्या कारखान्याला पंधरा-सोळा हजार पौंड नफा होई, आणि वर्ष फिरलं तर दिवाळं दारात उभं.

हा कारखाना थ्रेल घराण्याकडे कसा आला तेही ऐकण्यासारखं आहे. हेन्री थ्रेलचा बाप राल्फ हा आधी तिथलाच कामगार. बॉझवेल सांगतो की आठवड्याला सहा शिलिंगांवर त्यानं वीस वर्षं तिथे काम केलं होतं. मालक वारला, मुलगी उमराव घराण्यात दिलेली, जावयाला बिअरचा धंदा करणं शोभेना. तेव्हा तीस हजार पौंडांना कारखाना राल्फला दिला, आणि त्यानं तो पैसा नफ्यातून अकरा वर्षांत फेडला. मुलाला मात्र त्यानं ऑक्सफर्डला पाठवलं, लॉर्डांच्या पोरांबरोबर वाढवलं. कामगाराचा मुलगा साहेब झाला. थ्रेलची सगळी गोष्ट या एका पिढीच्या उडीत आहे असं मला वाटतं. त्याला धंदा हवा होता, पण धंदेवाईक दिसायचं नव्हतं.

हेस्टर लिंच सॉल्सबरी ही वेल्समधल्या जुन्या पण फाटक्या खानदानातली एकुलती एक मुलगी. जन्म १७४१ चा. लहानपणापासून भाषांची हौस. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन असं बरंच शिकली होती. बापाला हे स्थळ पसंत नव्हतं. पण १७६२ च्या डिसेंबरात बाप अचानक गेला, आणि पुढच्याच ऑक्टोबरात आई आणि काका यांनी तिला हेन्री थ्रेलशी बांधून टाकली. प्रेम दोन्ही बाजूंनी नव्हतं. तिनं पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की थ्रेलनं आधी विचारलेल्या मुलींनी सदर्कच्या त्या कोंदट वस्तीत, कारखान्याच्या वासात राहायला नकार दिला होता, आणि तिनं दिला नाही, ही तिची मुख्य पात्रता. एरवी राहायला शहराबाहेर स्ट्रेटमला टुमदार बंगला होता. पण हिवाळा सदर्कमध्ये काढायचा, आणि कारखान्याच्या कारभारात बायकोनं नाक खुपसायचं नाही. स्वयंपाकघरातसुद्धा तिला फारसा अधिकार नव्हता. थ्रेल खाण्याचा षौकीन, जेवणाचा बेत तो स्वतः ठरवी. तिच्याकडे एकच खातं होतं, बाळंतपणाचं. बारा मुलं झाली तिला. त्यातल्या चारच मुली हाताशी लागल्या.

१७६५ च्या जानेवारीत एका मित्रानं जॉन्सनना त्यांच्याकडे जेवायला आणलं. पंचावन्न वर्षांचे, अवाढव्य, विधुर, अंगाला झटके येणारे, वेड लागेल या भीतीनं पछाडलेले जॉन्सन. पुढच्या वर्षी ते फार खचले तेव्हा थ्रेल दांपत्यानं त्यांना स्ट्रेटमला उचलून नेलं, आणि मग जवळजवळ सोळा वर्षं त्यांची तिथे आणि सदर्कच्या घरातही हक्काची खोली होती. याविषयी इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. मला जायचंय ते १७७२ कडे.

थ्रेलला एका गोष्टीनं झपाटलं होतं. व्हिटब्रेड आणि कॅल्व्हर्ट हे लंडनचे मोठे बिअरवाले; त्यांच्यापेक्षा आपली पिंपं जास्त भरली पाहिजेत. अशा माणसाला गाठणारे कोणी ना कोणी भेटतातच. हम्फ्री जॅक्सन नावाच्या रसायनवाल्यानं त्याला पटवलं की माल्ट आणि हॉप्स न वापरता बिअर करता येते. याच जॅक्सननं जहाजांचे तळ किड्यांपासून वाचवणारं एक मिश्रणही काढलं होतं, त्यासाठी वेगळा कारखाना, वेगळ्या टाक्या. बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही. बिअर बिघडली. आणि नेमकं त्याच वर्षी, जूनमध्ये, अलेक्झांडर फोर्डिस नावाचा लंडनचा बँकर सट्ट्यात बुडून पळाला, त्याच्यामागे एकामागून एक पेढ्या बसल्या, बाजारात पैसा दिसेनासा झाला. थ्रेलचं देणं एक लाख तीस हजार पौंडांच्या घरात. कारकून नोकरी सोडून जायच्या बेतात. आणि मालक? मालक सुन्न. पलंगावर पडून राहिला, धंद्याचं नाव काढवेना.

असे पुरुष मी पाहिले आहेत. कर्जाच्या कागदावर सही त्यांची, आणि कुठल्या व्यापाऱ्याचे किती देणे हे पाठ बायकोला. खातं थकलं की सही करणारा आजारी पडतो आणि पदर खोचून बँकेत येते ती जिचं नाव कागदावर कुठेच नसतं.

हेस्टरनं तेच केलं. पहिल्यांदा आईची शिल्लक मागितली. तीन हजार पौंड, त्या म्हातारीचं होतं नव्हतं तेवढं. मग दिवस भरत आलेल्या अवस्थेत घोडागाडीनं ब्रायटन गाठलं आणि थ्रेलच्या बापाच्या ओळखीचे एक जुने वकील होते, स्क्रेस, त्यांच्याकडून सहा हजार उभे केले. आणखी एका स्नेह्याचे सहा हजार, नणंदेचे पाच. जॉन्सन बरोबर होते. कारकुनांना समजावून थांबवणं, थ्रेलला धीर देणं, हिशेबाच्या वह्या उघडून बसणं, यात त्यांनी कसूर केली नाही. पण रस्त्यावर उतरून पैसा आणला तो तिनं. सप्टेंबरात मुलगी झाली ती काही तासांतच गेली. पुढच्या वर्षी आई कॅन्सरनं गेली. नऊ वर्षांत मात्र सगळं देणं फिटलं.

यातून एक गोष्ट झाली. नवऱ्यानं बंद ठेवलेलं दार उघडलं गेलं आणि ती हिशेब शिकली. हेड क्लार्क होता जॉन पर्किन्स, हुशार, चिवट. त्याच्याशी तिचं सूत जमलं. खर्च किती, पिंप कितीला पडतं, कुठल्या पबवाल्याकडे किती अडकलेत, हे ती विचारू लागली. थ्रेल सदर्कचा खासदार होता. निवडणुकीत त्याच्यासाठी दारोदार फिरून मतं मागायचं काम तिचं, जाहीर पत्रकं लिहायचं कामही बरंचसं तिचं. कायद्यानं या सगळ्यात तिची मालकी शून्य. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईचं जे काही असेल ते नवऱ्याचं. वारस मुलगा हॅरी होता, आईचा जीव की प्राण. १७७६ च्या मार्चमध्ये सकाळी खेळत असलेला नऊ वर्षांचा पोरगा दुपारपर्यंत गेला. त्याच वर्षी थ्रेलनं तिला कोऱ्या कागदांच्या सहा बांधीव वह्या आणून दिल्या. त्यात ती तेहेतीस वर्षं लिहीत राहिली. त्या वह्या छापून आल्या १९४२ मध्ये, आणि आज तिच्याविषयी जे खात्रीनं म्हणता येतं ते बरंचसं त्यांच्या आधारानं.

थ्रेल शहाणा झाला होता म्हणाल, तर नाही. १७७८ मध्ये पुन्हा व्हिटब्रेडला मागे टाकायच्या नादात गरजेपेक्षा जास्त बिअर काढून ठेवली आणि पुन्हा पैशाची ओढाताण. १७७९ मध्ये त्याला पहिला झटका आला. तरी ताटावरचा हात आखडेना. जून १७८० मध्ये लंडनमध्ये कॅथलिकांविरुद्ध दंगल उसळली, आणि थ्रेल कॅथलिकांना फूस लावतो अशी आवई उठून जमाव ब्रुअरीवर चालून आला. थ्रेल कुटुंब तेव्हा बाथला. पर्किन्सनं दरवाजा लावून घेण्याऐवजी जमावाला मांस आणि पोर्टर यांची मेजवानीच दिली, लष्कर येईपर्यंत त्यांना खाण्यापिण्यात गुंतवून ठेवलं. पन्नास पौंडांच्या खर्चात लाखाची मालमत्ता वाचली. असा हेड क्लार्क मिळायला भाग्य लागतं.

४ एप्रिल १७८१ ला थ्रेल गेला. मागे पाच मुली, मुलगा नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला पाच जण: हेस्टर, जॉन्सन, लाकडाचा व्यापारी केटर आणि आणखी दोघे. आता प्रश्न, कारखाना चालवायचा की विकायचा? एक्काहत्तर वर्षांचे जॉन्सन चालवा म्हणणाऱ्यांत होते. आयुष्यभर लेखणीवर कसंबसं पोट भरलेल्या या माणसाला आता हजारोंच्या कागदांवर सह्या करायला मिळत होत्या आणि ते काम त्यांना लहान मुलासारखं आवडलं होतं. कारखान्याची किंमत काय, असं कोणी विचारल्यावर त्यांनी दिलेलं उत्तर पुढे प्रसिद्ध झालं. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ एका शब्दात सांगता येतो: गुडविल. हेस्टरही रोज सकाळी कारखान्याच्या कचेरीत जाऊन बसत होती. पण तिचं मन ठरलेलं होतं. दोनदा दिवाळ्याच्या कडेवर उभं राहिलेल्या बाईला नफ्याची स्वप्नं पडत नाहीत, रात्री झोप हवी असते.

३१ मे १७८१ ला सौदा ठरला. घेणारे बार्कले, क्वेकर पंथातलं श्रीमंत घराणं. त्यातल्या डेव्हिड बार्कलेचं घराणं म्हणजे आजच्या बार्कलेज बँकेचं मूळ घराणं. किंमत एक लाख पस्तीस हजार पौंड, चार वर्षांत फेडायची. पर्किन्सला भागीदार करून घ्यावं याची काळजी हेस्टरनं घेतली, आणि सदर्कचं आपलं राहतं घर सामानासकट त्याच्या बायकोला देऊन टाकलं. पन्नास वर्षांपूर्वी कामगार राल्फ मालक झाला होता, आता हेड क्लार्क मालक झाला. त्या दिवशी घरी आल्यावर वहीत तिनं सुटकेचा नि:श्वास लिहून ठेवलाय. स्वस्तात विकलं, असं म्हणणारे तेव्हाही होते, पुढेही झाले, कारण बार्कले-पर्किन्सनी नंतर अमाप पैसा केला. मला विचाराल तर तिनं केलं ते शंभर टक्के बरोबर. भांडवल नसलेली विधवा, पदरात पाच मुली, पैसा सगळा पिंपांत आणि उधारीत, आणि सल्लागार जॉन्सन! माझ्या टेबलावर हे प्रकरण आलं असतं तर मीही विका म्हणालो असतो.

खरी गंमत, किंवा खरं दुःख, पुढे आहे. हातात पैसा आणि डोक्यावर नवरा नाही, अशी ती पहिल्यांदाच झाली होती, आणि गॅब्रिएल पिओत्सी या इटालियन गायकावर तिचा जीव जडला. हा मुलीचा संगीतशिक्षक. ब्रेशियाजवळच्या गावचा, कॅथलिक, परका, आणि शिकवणीवर पोट भरणारा. लंडनला तिन्ही-चारी गोष्टी गुन्हाच. थोरली मुलगी क्वीनी आईशी ताठर झाली. १७८३ मध्ये हेस्टरनं मुलींसाठी त्याला परत पाठवलं, आणि अंथरूण धरलं. धाकटी हॅरिएट त्याच सुमाराला गेली. अखेर मुलींनीच नमतं घेतलं आणि जुलै १७८४ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, तिनं पिओत्सीशी लग्न केलं. ज्या शहरानं थ्रेलशी झालेलं प्रेमाविनाचं लग्न गोड मानलं होतं, त्यानं या लग्नावर वर्तमानपत्रांतून राळ उडवली. फॅनी बर्नीसारखी मैत्रीण दुरावली. जॉन्सननी तर असं पत्र लिहिलं की वाचताना आजही वाईट वाटतं. तिनं त्यांना ताठ मानेनं, पण आदर राखून उत्तर दिलं. मग त्यांनी नरमाईचं एक पत्र पाठवलं. ते शेवटचंच. त्याच डिसेंबरच्या तेरा तारखेला जॉन्सन गेले, तेव्हा ती इटलीत होती. जॉन्सन मला फार मोठे वाटतात, पण इथे ते चुकले. सोळा वर्षं त्या बाईनं त्यांना सांभाळलं ते आपल्या नवऱ्याच्या घरात. तिचं स्वतःचं घर झालं तेव्हा त्यांना ते बघवलं नाही.

१७८६ मध्ये तिनं जॉन्सनच्या आठवणींचं पुस्तक काढलं, बॉझवेलच्या चरित्राच्या पाच वर्षं आधी. पहिली आवृत्ती एका दिवसात संपली. संध्याकाळी राजानं प्रत मागवली तर प्रकाशकाला मित्राची आणून द्यावी लागली. पुढे तिनं प्रवासवर्णन लिहिलं, समानार्थी शब्दांवर पुस्तक लिहिलं, जगाचा इतिहास लिहायचंही धाडस केलं. पिओत्सी हिशेबाला चोख निघाला. त्यानं तिचं कर्ज निवारलं आणि वेल्समध्ये तिच्या वडिलोपार्जित जमिनीवर दोघांनी घर बांधलं, नाव ब्रिनबेला. अर्धं वेल्श, अर्धं इटालियन.

आणि ब्रुअरी? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्कले-पर्किन्सचा कारखाना जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक झाला. इथली कडक काळी बिअर रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या दरबारात जात असे. कंपनीच्या बाटल्यांवर चित्र लागलं ते डॉ. जॉन्सन यांचं! १८३२ मध्ये कारखाना जळाला, पुन्हा उभा राहिला. १८५० मध्ये ऑस्ट्रियाचा जनरल हायनाऊ पाहुणा म्हणून कारखाना बघायला आला. आदल्याच वर्षी त्यानं ब्रेशिया शहर चिरडलं होतं, बायकांना फटके मारवले होते. कामगारांना तो कोण हे कळताच त्यांनी त्याला झाडू घेऊन नदीकाठापर्यंत पिटाळलं. जवळच्या एका पबमध्ये लपला म्हणून वाचला. ब्रेशिया म्हणजे पिओत्सीचा मुलूख. थ्रेलबाई असती तर तिनं त्या कामगारांना स्वतः बिअर पाजली असती.

नंतरची मालकी वाचताना मात्र दम लागतो. १९५५ मध्ये बार्कले-पर्किन्स करेज कंपनीत विलीन. १९७२ मध्ये करेज एका तंबाखू कंपनीनं घेतली, १९८६ मध्ये हॅन्सननं, आणि त्याच वर्षी ती ऑस्ट्रेलियन कंपनीकडे. १९८१ मध्ये, सौद्याला बरोबर दोनशे वर्षं होताना, जुना कारखाना पाडला गेला होता. १९८९ मध्ये सरकारनं दोन हजारांहून अधिक पब असलेल्या ब्रुअरी कंपन्यांना त्यातले बरेच मोकळे करायला लावले. हेतू असा की गिऱ्हाइकाला निवड मिळावी. झालं असं की पब गेले पबच धंदा करणाऱ्या कंपन्यांकडे आणि बिअर गेली बहुराष्ट्रीयांकडे. सदर्कची सावकारी संपली, कर्जबाजारी कंपन्यांची नवी सावकारी आली. थ्रेलचा तो जुना वैरी व्हिटब्रेड; त्या कंपनीनं २००० मध्ये बिअर करणं सोडलं आणि हॉटेलं चालवायला घेतली. करेज हे नाव १९९५, २००७ आणि २०१७ मध्ये पुन्हा पुन्हा विकलं जाऊन २०२० मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गच्या पंखाखाली गेलं. अँकर पबवर पाटी आली ग्रीन किंगची, आणि ग्रीन किंग २०१९ मध्ये हाँगकाँगच्या सीके अ‍ॅसेट कंपनीनं विकत घेतली.

पिओत्सी १८०९ मध्ये संधिवातानं झिजून गेला. हेस्टरनं वेल्समधली इस्टेट मुलींना न देता पिओत्सीच्या दत्तक घेतलेल्या पुतण्याला दिली आणि स्वतः बाथला भाड्याच्या घरात राहायला गेली. १८२० च्या जानेवारीत, ऐंशीव्या वर्षात पदार्पण केल्याबद्दल, तिनं सहाशेहून अधिक पाहुण्यांना मेजवानी आणि नाच दिला, आणि पहिला नाच स्वतः नाचली. २ मे १८२१ ला ती गेली, तेव्हा मुली येऊन पोहोचल्या होत्या. वेल्समधल्या छोट्या चर्चमध्ये ती पिओत्सीजवळ पुरली आहे. तिथे तिच्या नावाची पाटी लागली १९०९ मध्ये. नाव पिओत्सी असंच लिहिलंय. पण खाली ओळख दिली आहे ती डॉ. जॉन्सन यांच्या मिसेस थ्रेल म्हणून.